धाकटी मलावीत, आई माझ्यापाशी

पत्र:

"माझी धाकटी बहीण कॅथलिक सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी, आहे. बारावीनंतर ती कॉन्व्हेंटमध्ये गेली, तिथंच नर्सिंग शिकली, शेवटची, म्हणजे आजन्म पाळायची, व्रतं घेतली आणि आता बरीच वर्षं आफ्रिकेतल्या मलावी देशात एका मिशन हॉस्पिटलात आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत आमचे बाबा वारले. ती आली नाही. फोनवर म्हणाली, इथं कॉलऱ्याची साथ आहे, निघता येत नाही. त्यानंतर आईला पॅरालिसिसचा झटका आला. तेव्हापासून आई माझ्याकडे आहे, तिचं सगळं अंथरुणातच करावं लागतं. धाकटी एक रुपया पाठवत नाही. महिन्यातून एकदा फोन करते आणि 'मी तुमच्यासाठी प्रार्थना करते' म्हणते. आता ती दोन महिन्यांच्या सुट्टीवर येते आहे. आमच्या चर्चच्या धर्मग्रामात तिचा सत्कार ठरलाय आणि फादरांनी मला कुटुंबातर्फे बोलायला सांगितलंय. लोक म्हणतात, 'केवढं भाग्य, घरात सिस्टर आहे.' मी हसते आणि घरी येऊन रडते. बाबांच्या नावावरच्या जमिनीचंही काही झालेलं नाही, तिची सही लागणार. देवाच्या कामाला गेलेल्या बहिणीचा राग येणं पाप आहे का? आणि भाषणात मी काय बोलू?"
– एक मोठी बहीण

प्रिय ताई,

पापाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला आहे. मी तो आधी घेते, कारण त्याच्या ओझ्याखाली बाकीचं काही नीट दिसत नाही.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय तुम्ही अनेकदा ऐकला असेल. लाजरस आजारी पडतो. मार्था आणि मरिया या त्याच्या दोघी बहिणी येशूला वेळेवर निरोप धाडतात, पण तो लगेच निघत नाही. पोचतो तेव्हा लाजरसाला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था त्याला वाटेतच गाठते आणि तोंडावर सांगते, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. मागून मरियाही तेच म्हणते. येशू दोघींपैकी एकीलाही गप्प बसवत नाही, आपण कुठल्या कामात होतो याचं कारणही देत नाही. ऐकून घेतो आणि रडतो. ताई, तुमची तक्रार तीच आहे. ती शुभवर्तमानात छापलेली आहे आणि चर्चमध्ये मोठ्यानं वाचली जाते. तिला पाप म्हणणारं कोणी भेटलं तर हा अध्याय उघडून दाखवा.

मार्थानं मात्र ते ज्याला सांगायचं त्यालाच सांगितलं. तुम्ही ते मला सांगितलंत, धाकटीला नाही. माझं सगळं म्हणणं इथंच येऊन थांबतं: तिला सांगा. आणि नुसतं सांगून सोडू नका, तिच्याकडे मागा. काय मागायचं आणि मागायचा हक्क कुठून येतो, ते पुढे लिहिते. आधी फेब्रुवारी २०२३ मध्ये ती कुठं उभी होती ते बघू, कारण राग धरायचा तर तो पुऱ्या माहितीवर धरावा.

मलावीत कॉलऱ्याची साथ मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. पावसाळा तिकडे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो, आणि २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत साथ शिगेला पोचली. देशातले सगळे २९ आरोग्य जिल्हे तिच्या तावडीत आले. ब्लँटायर आणि लिलाँग्वे या दोन मोठ्या शहरांत सुट्टीनंतरच्या शाळा उघडणं पुढं ढकलावं लागलं. साथ ओसरेपर्यंत सुमारे ५९ हजार लोक आजारी पडले आणि १,७०० हून अधिक माणसं गेली. त्या देशाच्या इतिहासात कॉलऱ्यानं एवढे बळी कधी घेतले नव्हते. तशात आदल्या वर्षीच्या वादळानं शायर नदीवरचं कापिचिरा वीजकेंद्र बंद पडलं होतं, त्यामुळे वीज कधीही जायची. मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं ते वेगळंच.

अशा वॉर्डात नर्सचं काम कसं चालतं, ते ऐका. कॉलऱ्याच्या खाटेला मधोमध भोक असतं आणि खाली बादली. रोग्याला उठून जाण्याचं त्राण नसतं. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. नर्स दर थोड्या वेळानं वाकून बादलीतली पातळी बघते, तक्त्यावर आकडा लिहिते आणि तेवढं पाणी शिरेतून किंवा तोंडानं परत अंगात घालते. पन्नास किलोच्या माणसाची तब्येत फार खालावली असेल तर पहिल्या तीन तासांत पाच लिटर सलाइन द्यावं लागतं, त्यातलं दीड लिटर पहिल्या अर्ध्या तासातच. शीर सापडत नाही, कारण अंगातलं पाणी गेल्यावर शिरा चिकटून बसलेल्या असतात. एका खाटेवरून दुसरीवर जाताना हात क्लोरीनच्या पाण्यात, बाहेर पडताना पायही. उपचार वेळेवर झाले तर शंभरात एकसुद्धा दगावू नये असा हा आजार आहे. मलावीत त्या साथीत शंभरातले तीनेक दगावत होते. रोगी उशिरा पोचत होते, सामान अपुरं होतं, हात अपुरे होते.

त्या वॉर्डातून एक नर्स पंधरा दिवसांसाठी निघून गेली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मी मांडणार नाही. धाकटीनं तो मांडला असेल. तुमचा राग एवढ्यानं गेला पाहिजे असंही मी म्हणत नाही. त्या आठवड्यात तुम्ही एकटीनं बाबांना पोचवलंत, त्याची भरपाई मलावीतल्या कुठल्याही आकड्यानं होत नाही.

यातलं किती धाकटीनं तुम्हाला सांगितलं होतं? तुमच्या पत्रावरून वाटतं, एक वाक्य. मिशनमधल्या सिस्टरांची ही फार जुनी सवय आहे. घरच्यांना काळजी नको म्हणून तिकडचं काही कळवायचं नाही. आणि तुम्ही तिला आईबद्दल किती सांगता? रात्री किती वेळा उठावं लागतं, कूस बदलताना तुमची पाठ कशी भरून येते, यातलं काही? माझा अंदाज, तुम्हीही 'सगळं बरं आहे' म्हणता. दोघी एकमेकींना सांभाळून घेता आणि मधल्या मोकळ्या जागेत राग वाढत राहतो. 'प्रार्थना करते' हे वाक्य तुम्हाला टोचतं, कारण त्याच्या मागचं पुढचं काहीच तुमच्यापर्यंत येत नाही.

पैशांचा मुद्दा तिच्या बाजूनं अगदी साफ आहे, तेव्हा तेवढा काटा तरी काढून टाका. सिस्टरला पगार नसतो. कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, १९८३ च्या संहितेतला ६६८ वा नियम सांगतो की व्रतस्थ व्यक्ती स्वतःच्या कामातून जे मिळवते ते तिच्या संस्थेचं होतं. हॉस्पिटलनं तिच्या नावे काही दिलं तरी ते कॉन्व्हेंटच्या खात्यात जातं. बदल्यात तिला लागेल ते सगळं संस्थेनं पुरवायचं असतं. चप्पल तुटली तरी ती सुपिरिअरकडे, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुख सिस्टरकडे, मागायची, तुमच्याशी फोनवर बोलायचे पैसेही त्याच हिशेबातले. धाकटी पैसे लपवून बसलेली नाही. तिच्याकडे ते नाहीतच.

पण "माझ्याकडे काही नाही" इथं गोष्ट संपत नाही, आणि इथं मी तुमच्या बाजूनं उभी आहे. पैसा नसला तरी तिच्याकडे वेळ आहे, नर्सिंगचं शिक्षण आहे, वरिष्ठांपुढे बोलायला तोंड आहे, आणि वारशानं आलेला हक्कही असू शकतो. त्यातलं काहीच तिच्याकडे मागितलं गेलेलं नाही. सिस्टर झालेल्या मुलीकडे काही मागायचं नसतं, असं आपल्या समाजात उगाच धरून चालतात. मला ते पटत नाही, आणि शुभवर्तमानातही त्याला आधार नाही.

मार्कच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायात येशू परूशांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपंडितांना, कशावरून फटकारतो ते आठवा. आईबापांना माझ्याकडून जे मिळायचं ते मी देवाला वाहिलंय, असं म्हणून हात झटकणाऱ्यांवरून. देवाच्या नावावर आईबापांचा वाटा कापता येत नाही, हे त्यानं इतकं स्पष्ट सांगितलं आहे. आणि स्वतः क्रुसावर असताना आईची व्यवस्था लावली: शिष्याला म्हणाला, ही तुझी आई. जगाच्या तारणाचं काम चालू असतानाही, आता आई कोणाकडे राहील, हा प्रश्न त्याला क्षुल्लक वाटला नाही.

संत मारिआन कोप यांचं नाव कदाचित तुमच्या कानावर आलं नसेल. जन्म १८३८ चा, जर्मनीतला. पुढच्याच वर्षी कुटुंब अमेरिकेत गेलं. आठवीपर्यंत शिकल्या आणि वडील आजारी पडल्यावर कापडाच्या गिरणीत कामाला लागल्या, कारण घरात धाकटी भावंडं होती. कॉन्व्हेंटची ओढ तेव्हाही होती, पण त्या थांबल्या. १८६२ मध्ये वडील गेल्यावरच त्यांनी संस्थेत प्रवेश घेतला. नंतर १८८३ मध्ये हवाई बेटांवरच्या कुष्ठरोग्यांसाठी सिस्टर हव्यात अशी हाक आली. अनेक संस्थांनी नकार दिला होता. मारिआन सहा सिस्टरांना घेऊन गेल्या, त्यांची व्यवस्था लावून परत यायचं असं ठरवून. त्या कधीच परतल्या नाहीत. १८८८ मध्ये मोलोकाई बेटावरच्या कालाउपापा वस्तीत गेल्या आणि १९१८ मध्ये तिथंच वारल्या. हात धुण्याच्या आणि स्वच्छतेच्या बाबतीत इतक्या कडक की त्यांच्या एकाही सिस्टरला कुष्ठरोग झाला नाही. चर्चनं २०१२ मध्ये त्यांना संत म्हणून जाहीर केलं. गिरणीतली ती वर्षं त्यांच्या संतपणातून कोणी वजा केलेली नाहीत. घरासाठी थांबल्यानं पाचारण, म्हणजे देवाची हाक, हुकत नाही, हे मला त्यांच्याकडे पाहून फार ठामपणे वाटतं.

आणि आता आगा. मदर तेरेसांची थोरली बहीण.

मदर तेरेसांचं मूळ घर स्कोपियेचं, आजच्या उत्तर मॅसिडोनियातलं. १९२८ मध्ये, अठराव्या वर्षी, लोरेटो या सिस्टरांच्या संस्थेत जायला त्या निघाल्या तेव्हा आई द्रानाफिले आणि आगा त्यांना झाग्रेबपर्यंत सोडायला आल्या होत्या. तिथून गाडी सुटली ती सुटलीच. मायलेकींची पुन्हा भेट झाली नाही. आई आणि आगा पुढे अल्बेनियात, तिरानाला राहायला गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर एन्वर होजाच्या कम्युनिस्ट राजवटीत त्या देशाची दारं बंद झाली. मदर तेरेसांचं नाव तोवर जगभर झालं होतं, त्यांनी आईला आणि बहिणीला बाहेर काढण्यासाठी खटपट केली, पण तिथल्या सरकारनं परवानगी दिली नाही. आई १९७२ मध्ये गेली. थोड्याच काळात आगाही गेली. मदर तेरेसांना अल्बेनियात पाऊल ठेवता आलं ते १९८९ मध्ये, आणि त्या कबरींपाशी जाऊन आल्या.

कोलकात्यातल्या कालीघाटचं निर्मल हृदय, मरणासन्न माणसांसाठीचं घर, सगळ्या जगाला माहीत आहे. १९७९ चं नोबेल माहीत आहे. आईजवळ शेवटपर्यंत कोण होतं, हे कोणी विचारत नाही. आगा होती. तिच्या नावानं कुठं सत्कार झाल्याचं मी वाचलेलं नाही. ताई, मिशनवर गेलेल्या प्रत्येक सिस्टरच्या मागे अशी एक आगा असते, कधी बहीण, कधी भाऊ, कधी वहिनी. मागे राहिलेलं माणूस घर सांभाळतं म्हणून गेलेलीला जाता येतं. मलावीतल्या त्या खाटांवर तुमचाही हात आहे, आणि हे धर्मग्रामानं, संस्थेनं आणि सगळ्यात आधी धाकटीनं तोंडानं म्हटलं पाहिजे. तुम्हाला जे 'भाग्य' ऐकावं लागतं, त्यातली मेख हीच आहे. लोक अभिनंदन करतात आणि हातभार लावत नाहीत.

तर आता मागायचं काय?

पहिली गोष्ट, हे दोन महिने. सिस्टर सुट्टीवर आली की नातेवाईक, शाळा, प्रार्थनागट, तीर्थयात्रा, संस्थेच्या भेटी असं करत तिचे दिवस वाटून टाकतात आणि घरी ती पाहुणीसारखी जेवायला येते. या वेळी ते होऊ देऊ नका. ती यायच्या आधीच कळवा की आईच्या खोलीत तुझी खाट टाकली आहे आणि अमुक तारखेपासून रात्रपाळी तुझी. ती नर्स आहे. कूस बदलणं, पाठीला जखमा होऊ न देणं, भरवताना ठसका लागू न देणं, आखडलेल्या हाताचे व्यायाम, हे ती तुमच्यापेक्षा सहज करेल आणि तुम्हालाही शिकवेल. आईलाही लेकीचे हात लागतील. या दोन महिन्यांतले काही दिवस तुम्ही घराबाहेर पडा, कुठंही जा, झोप काढा. यात तिच्यावर अन्याय होतो असं मनात आणू नका.

पहिला आठवडा मात्र तिला द्या. लांबचा प्रवास असतो, आणि तिकडून आलेली माणसं इथल्या गजबजाटानं आणि ताटातल्या भरमसाट वाढण्यानंच दमतात. काही जणी नुसत्या झोपतात, काही जणी काहीच बोलत नाहीत. हे तुटकपण नसतं. आणखी एक व्यवहाराचं: तिला ताप आला, पहिल्या आठवड्यात किंवा दीड महिन्यानंतरही, तर डॉक्टरांना आधी हे सांगा की ती मलावीहून आली आहे आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करायची आहे. तिकडचा मलेरिया बहुतेक करून फाल्सिपारम जातीचा असतो, तो थांबत नाही. व्हायरल असेल म्हणून बघत बसायचं नाही.

दुसरी गोष्ट, लांबची रजा. याबद्दल घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. संहितेच्या ६६५ व्या नियमाप्रमाणे योग्य कारण असेल तर वरिष्ठ सुपिरिअर आपल्या सल्लागार मंडळाच्या संमतीनं एखाद्या सिस्टरला वर्षभरापर्यंत कॉन्व्हेंटबाहेर राहायची परवानगी देऊ शकतात. अंथरुणाला खिळलेली आई हे असं कारण आहे. व्रतं मोडत नाहीत, ती सिस्टरच राहते. मलावीला परत न पाठवता घराजवळच्या एखाद्या कॉन्व्हेंटमध्ये तिची बदली मागण्याचाही मार्ग आहे, म्हणजे तिला दिवसा येऊन जाता येईल. तिचं मन तिकडे परतायचं असेल, आणि बहुधा असेल, तर सहा महिन्यांची रजा मागता येते. मिळेलच असं नाही. पण न मागता 'मिळाली नसती' म्हणणं मला मान्य नाही. अर्ज तिनं करायचा, तुम्ही नाही. तुम्ही आईच्या प्रकृतीची कागदपत्रं तिच्या हातात द्यायची.

तिसरी, संस्थेची मदत. काही संस्था आपल्या सिस्टरांच्या गरजू आईवडिलांसाठी थोडीफार तजवीज ठेवतात. तुमच्या बहिणीच्या संस्थेत तशी सोय आहे का, हे तिनं प्रॉव्हिन्शिअलना, म्हणजे संस्थेच्या तिच्या प्रांताच्या प्रमुखांना, विचारावं. दिवसपाळीला एक बाई ठेवता आली तरी तुमचा दिवस सुटतो. लाजू नका. तिनं आयुष्याची सगळी कमाई त्यांना दिली आहे.

जमिनीचं बोलणं या सगळ्यात मिसळू नका, पण टाळूही नका. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे एक तृतीयांश आईचा, आणि बाकीचं मुलांमध्ये सारखं. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. (जमीन गोव्यात असेल तर तिथला कायदा वेगळा.) पण धाकटीच्या बाजूनं एक गाठ आहे ती आधी सोडवून घ्या. पहिल्या व्रतांआधी तिला आपल्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्या कुणाकडे सोपवावा लागतो आणि शेवटच्या व्रतांआधी मृत्युपत्र करावं लागतं. काही संस्थांत सगळ्यावरच पाणी सोडावं लागतं, काहींत वारशाचा हक्क तिच्या नावावर राहतो. तिनं काय लिहून दिलंय आणि त्यात बदल करायला कोणाची परवानगी लागते, हे तिला विचारा. त्यानंतरच वकिलाकडे जा. ती इथं असतानाच सह्या होऊ द्या, कारण हक्कसोडपत्र करायचं झालं तर त्याची नोंदणी करावी लागते आणि ती परत गेल्यावर सगळं मुखत्यारपत्रावर येतं.

तिच्यावर हक्क सोडण्याचा दबाव मात्र आणू नका. मला दुसरा मार्ग जास्त बरा वाटतो. तिच्या वाट्याला काही येणार असेल तर आई असेपर्यंत त्याचं उत्पन्न आईच्या सेवेला लावावं. उत्पन्न कोणासाठी वापरायचं हे ठरवायची मुभा तिला त्याच ६६८ व्या नियमानं दिलेली आहे, नंतर बदल करायचा तर वरिष्ठांची परवानगी घेऊन. मग 'एक रुपया पाठवत नाही' हे वाक्यच उरणार नाही.

बाबांच्या विषयावर तुम्ही दोघी बोलाल तेव्हा तिच्यावर खटला चालवू नका, पण बोलणं गोडही करू नका. शेवटच्या दिवसांत बाबांनी तिची आठवण काढली असेल तर काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगा. अंत्यविधीला कोण कोण होतं, तुमचे पाय कुठं लटपटले, ते सांगा. आणि तिला विचारा की फोन ठेवल्यावर त्या दिवशी तिनं काय केलं. बहुतेक ती वॉर्डात परत गेली असेल. बापाच्या मरणाची बातमी घेऊन बादल्या मोजत फिरलेल्या बाईला तुमच्याइतकंच काही सांगायचं असणार, आणि तिच्याही आजूबाजूला ते ऐकायला आपल्या भाषेतलं माणूस नव्हतं. तिला तेव्हा परवानगी मिळत होती आणि तिनंच नको म्हटलं, की तिला कोणी सोडलंच नाही, हेही कळू द्या. दोन्ही उत्तरं ऐकायची तयारी ठेवा. पहिलं असेल तर राग येईलच, तिच्यासमोर येऊ द्या.

हे बोलणं सत्काराच्या आधी झालं पाहिजे. म्हणून फादरांना आजच फोन करा आणि सत्कार ती आल्यावर तीन आठवड्यांनी ठेवायला सांगा. तेवढी सवलत त्यांनी द्यावी. ते बोलणं झालं नाही, किंवा होऊनही तुमच्या तोंडून कौतुक निघत नसेल, तर सरळ सांगा की मी बोलणार नाही, दुसऱ्या कोणाला सांगा. त्यात काही बिघडत नाही. मनात नसलेलं भाषण तुम्ही करावं अशी अपेक्षा कोणीच ठेवू नये.

बोलायचं ठरलं तर थोडक्यात बोला. तिच्या त्यागाचं वर्णन बाकीचे करतील. तुम्ही बाबांचं सांगा, कारण त्या दिवशी ते तिथं नसतील आणि त्यांचं नाव कोणी घेणार नाही. साधंच: "माझ्या बहिणीला मिशनवर जाऊ द्यायला बाबा तयार झाले तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, ते मला आता कळतंय. ते गेले तेव्हा ती कॉलऱ्याच्या वॉर्डात होती. मला त्याचा फार त्रास झाला आणि मी तिला तो सांगितला. आज आई अंथरुणावर आहे. या दोन महिन्यांत तिची सेवा माझी बहीण करते आहे. ती परत गेल्यावर मला तुमची गरज लागेल. आठवड्यातून दोन दुपारी कोणी येऊन आईजवळ बसलं तर मला बाहेर पडता येईल." धाकटीला हे आधी वाचून दाखवा, व्यासपीठावर तिला धक्का नको. आणि शेवटच्या दोन वाक्यांना कात्री लावू नका, कोणी कितीही सुचवलं तरी. जो धर्मग्राम हार आणि शाल घेऊन येतो त्याला दोन दुपारी जड नाहीत. कार्यक्रमानंतर दारात वही घेऊन कोणाला तरी उभं करा आणि नावं तिथंच लिहून घ्या.

रजेच्या अर्जाचं तेवढं लांबणीवर टाकू नका. प्रॉव्हिन्शिअलांचं मंडळ रोज बसत नाही आणि धाकटीचं परतीचं तिकीट काढलेलं असणार. ती आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात अर्ज जायला हवा. आईचे रिपोर्ट, औषधांची यादी आणि डॉक्टरांचं पत्र आत्तापासून एका फाइलीत लावून ठेवा.

तुमची,
सल्ला सदराची लेखिका